सरोजिनीबाईंचे पावसाळी बूट

व्यंकटरावांनी आयुष्यात एकही वस्तू झटपट विकत घेतली नाही. पाटबंधारे खात्यात हयात गेलेली; बंधारा काय आणि पोळपाट काय, चारी बाजूंनी पारखल्याशिवाय हात लावायचा नाही. घरात नवा कुकर घ्यायचं ठरलं की सरोजिनीबाई आधी शेजारच्या अमृताकडून तिचा कुकर मागून आणत. यांचा निकाल लागेपर्यंत वरण शिजायला नको का?

अशा माणसाने महिनाभर डोकं घालून बायकोसाठी सायकलचे बूट निवडले आणि त्याच बुटांनी तिला पाडलं. निदान व्यंकटराव तरी तसंच धरून चालले होते, आणि वर्ष होत आलं तरी ती गोष्ट त्यांच्या मनात सलत होती.

ज्योतीनगरातल्या त्यांच्या फ्लॅटच्या बाल्कनीत सरोजिनीबाईंची जाड टायरांची, डोंगरात चालवायची सायकल जुन्या चादरीखाली उभी होती. चादरीवर आता कपडे वाळत पडायचे. व्यंकटराव रोज सकाळी तिथेच बसून चहा प्यायचे आणि रोज सकाळी त्या चादरीकडे पाठ करून बसायचे.

खरं म्हणजे सायकल आली ती व्यंकटरावांसाठी. तीन-एक वर्षांपूर्वी त्यांना हृदयविकाराचा झटका आला, रक्तवाहिन्यांत नळ्या बसवल्या, आणि डॉक्टरांनी व्यायाम करायला सांगितलं. नवरा-बायकोने जोडीने सायकली घेतल्या. व्यंकटराव क्रांती चौकातला पूल चढताना अर्ध्यावर उतरायचे आणि जणू रहदारी बघायलाच थांबलोय अशा थाटात कठड्याला टेकायचे. सरोजिनीबाई तोवर पलीकडे जाऊन परत यायच्या. पुढे व्यंकटरावांनी सकाळचं फिरणं धरलं, आणि सरोजिनीबाईंनी डोंगर.

बाई शाळेत भूगोल शिकवायच्या. फळ्यावर खडूने घाट काढण्यात जन्म गेला. साठीला टेकल्यावर खरे घाट हाती लागले. मनस्विनी नावाची दातांची डॉक्टर, त्यांचीच जुनी विद्यार्थिनी, दर रविवारी बायकांचा ग्रुप घेऊन निघे. कधी शहराबाहेरचा साताऱ्याचा डोंगर, कधी दौलताबादवरून खुलताबाद, तिथून शेताशेतातल्या कच्च्या वाटेने पार म्हैसमाळ. परत आल्या की बाईंचा चेहरा असा उजळलेला असायचा की व्यंकटरावांना लग्नाआधी बघायला गेले होते ती मुलगी आठवायची. हे त्यांनी बायकोला कधी सांगितलं नाही. सांगायला हवं होतं.

एक सवय मात्र बाईंनी झटक्याच्या दिवसांपासून धरली होती. कुठेही थांबल्या की फोन लावायचा आणि एवढंच विचारायचं, "आहात ना?"

"नसायला काय झालं? कुठं जाणारय मी?" व्यंकटराव खेकसायचे. बाई हसायच्या आणि फोन ठेवून द्यायच्या.

मागच्या पावसाळ्यात व्यंकटरावांनी मनावर घेतलं की बायकोला साध्या कॅनव्हासच्या बुटांवर डोंगरात पाठवणं बरं नव्हे. मग काय, रात्रंदिवस व्हिडिओ. जगातले सगळे सायकलवाले त्यांच्या दिवाणखान्यात येऊन बोलू लागले. शेवटी त्यांनी निवडले ते कडक तळव्याचे, पायाला घट्ट बसणारे बूट. तळव्याला लोखंडी खिट्टी. ती पॅडलमध्ये टक्‌ करून अडकते आणि टाच बाहेर वळवली की सुटते. वर पाणी आत न येणारं कापड. आणि खरेदीला वार कुठला धरावा? शनिवार. दुकानात गर्दी नसते म्हणून.

"अहो, शनिवारी कुणी पायातलं घेतं का?" बाई एवढंच म्हणाल्या होत्या.

"शनीला स्वतःची कडी आवरेनात, तो तुझ्या बुटांत कशाला येतो नाक खुपसायला?" व्यंकटराव म्हणाले, आणि स्वतःच्याच विनोदावर मनमुराद हसले.

भाद्रपदात म्हैसमाळच्या अलीकडे, काळ्या मातीच्या राड्यात, सरोजिनीबाई सायकलसकट आडव्या झाल्या. मनगट मोडलं. व्यंकटरावांनी दवाखान्यात ते चिखलाचे बूट बघितले, खिट्टीत लोण्यासारखी बसलेली काळी माती बघितली आणि मनाशी निकाल देऊन टाकला. पाय अडकला, सुटला नाही, बाई पडली. बूट कुणी आणले? मी आणले. संपलं. त्यात भर म्हणून बायको दवाखान्यात असताना दोन दिवस टपरीवरची भजी खाऊन यांच्याही छातीत दुखायला लागलं, आणि यांनाही स्ट्रेचरवर घालून आत नेलं. सगळ्या तपासण्या झाल्यावर ते पित्त निघालं. डॉक्टर हसले, व्यंकटराव ओशाळले, आणि प्लॅस्टरमधला हात घेऊन बसलेल्या सरोजिनीबाई मात्र हसल्या नाहीत.

घरी आल्यावर बाईंनी सायकलवर चादर टाकली. "बस झालं आता," म्हणाल्या. ना राग, ना बोल. बाईंनी चार शब्द सुनावले असते तर व्यंकटरावांचं ओझं हलकं झालं असतं. पण सरोजिनीबाई बुटांबद्दल अवाक्षर बोलल्या नाहीत, आणि रविवारी सकाळी स्वयंपाकघरात विनाकारण डबे घासत बसू लागल्या.

यंदा श्रावण लागला तसा मनस्विनीचा फोन आला. "काका, पुढच्या रविवारी खुलताबाद. बाईंना पाठवा ना. ग्रुपमध्ये सगळ्या विचारतात."

व्यंकटरावांनी मोठ्या आशेने स्वयंपाकघराकडे बघितलं. आतून डबा घासण्याचा आवाज थांबला होता. पण बाई बाहेर आल्या नाहीत. थोड्या वेळाने पुन्हा घासणं सुरू झालं, जरा जास्तच जोराने. व्यंकटरावांनी त्या क्षणी ठरवलं, बूट आणायचे. चुकलेले बूट आपण आणले, तर बरोबर बूटही आपणच आणायचे.

जालना रोडच्या आतल्या गल्लीत सुदर्शनचं सायकलचं दुकान. हा सिल्लोडकडचा पोरगा, इंजिनिअरिंग करून नोकरी धरली, ती सोडून सायकलीत पडला. स्वतः शर्यती मारलेल्या, आता पोट सुटलेलं, पण सायकलचा विषय निघाला की हातची गिऱ्हाईकं विसरायचा. व्यंकटरावांनी पिशवीतून जुने बूट काढून त्याच्यापुढे ठेवले आणि सांगितलं, "बाराही महिने चालेल असा एक जोड दाखव. ऊन, पाऊस, थंडी, सगळ्यात."

"काका, तसा बूट निघाला की मलाबी सांगा," सुदर्शन म्हणाला. "लग्नातला कोट घालून कुणी आंघोळीला जातं का? उन्हाळ्यात जाळीचा पाहिजे, वारा खेळला पाहिजे. थंडीत त्याच जाळीतून पहाटेचा वारा असा शिरतो, की बोटं हायेत का गेली कळत नाय."

"आणि पावसात? हे तर पाणी न शिरणारे घेतले होते."

"तीच तर गंमत हाय. पाणी कापडातून नाय शिरत, वरून घोट्यातून शिरतं. आन्‌ एकदा शिरलं की बाहेर जायला वाटच नाय. मग बादलीत पाय घालून पॅडल मारायचं. आपल्याकडं पावसात पाणी येऊ द्यावं आन्‌ जाऊ द्यावं."

सारा जन्म धरणातून पाणी सोडायला सांडवा ठेवणाऱ्या माणसाला ही गोष्ट बुटाच्या बाबतीत सुचू नये! व्यंकटराव मनातल्या मनात चरफडले.

सुदर्शनने तोवर जुना बूट उलटा केला, खिट्टी अंगठ्याने दाबून बघितली. "ही तर पार ढिली ठेवलेली हाय. नुसती शिंक आली तरी पाय सुटंल. हिच्यानं पडल्या नसतील काकू." मग त्याने आत हात घातला आणि बोट एका जागी थांबवलं. "हे काय घासलंय? दोन्ही बुटांत, एकाच जागी. अस्तर फाटून पार आतला फोम वर आलाय."

व्यंकटरावांनी हात घालून बघितलं. अंगठ्याच्या शेजारच्या बोटाच्या जागी खड्डा पडला होता.

"काकूंना घेऊन या," सुदर्शन म्हणाला.

"ती यायची नाही."

"मग पायाचं चित्र काढून आणा. कागदावर पाय ठेवायचा आन्‌ भोवतीनं पेन्सिल फिरवायची. संध्याकाळी काढा, तवा पाय जरा फुगलेला असतो. बाकी मी बघतो."

सांगणाऱ्याला काय, सांगितलं. पण सदतीस वर्षांच्या संसारात व्यंकटरावांनी बायकोच्या पायाला हात लावला नव्हता, आणि तिने लावू दिला नसता. सरोजिनीबाईंच्या माहेरी नवऱ्याचा पाय चुकून लागला तरी बायकाच नमस्कार करत. संध्याकाळी व्यंकटराव पेपरची घडी आणि पेन्सिल घेऊन खाली बसले नि म्हणाले, "जरा पाय ठेव यावर," तर बाई विंचू दिसल्यासारख्या मागे सरकल्या.

"अहो, काय करताय! पायाला हात लावून मला नरकात घालता का?"

"तू स्वतः काढ मग."

"कशाला?"

"सहज."

"सहज कुणी पायाचं चित्र काढतं का? उठा, गुडघे दुखतील." आणि बाई देवापुढे दिवा लावायला निघून गेल्या.

दुसऱ्या दिवशी व्यंकटरावांनी युक्ती लढवली. बाई बाल्कनीत झाडांना पाणी घालून, पाय धुऊन आत येत. फरशीवर ओली पावलं उमटत. व्यंकटराव खडू घेऊन दबा धरून बसले. पण पंखा चालू. पहिल्या पावलाची टाच काढेतो दुसऱ्याची बोटं वाळून गेली. शिवाय बाई मागे वळल्या आणि नवऱ्याला रांगताना बघून कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. "तुम्हाला डॉक्टरकडं न्यावं का?" त्यांनी विचारलं, आणि त्या खरोखरच काळजीने विचारत होत्या.

शेवटी दुपार उरली. जेवणं झाल्यावर सरोजिनीबाई पलंगावर जरा पडल्या आणि त्यांचा डोळा लागला. व्यंकटराव पुठ्ठा आणि पेन्सिल घेऊन पायथ्याशी बसले. चोरासारखा पुठ्ठा तळव्याला लावला, आणि तसाच धरून राहिले.

ते पाय त्यांनी नीट कधी बघितलेच नव्हते. टाचांच्या भेगा, अंगठ्याचं वाकडं नख, आणि अंगठ्याशेजारच्या बोटात चांदीची जाड जोडवी. दोन्ही पायांत त्या जोडव्यांच्या कडेला काळपट घट्टे पडले होते, एका ठिकाणी जखम भरून आल्याची खूण. बुटातल्या खड्ड्याची जागा आणि ही जागा एकच होती. कडक, घट्ट, अभ्यास करकरून निवडलेल्या बुटाने ही जोडवी महिनाभर बोटात रुतवली होती, आणि बाईंनी ब्र काढला नव्हता. ज्याचं जळतं त्यालाच कळतं म्हणतात. व्यंकटरावांच्या डोळ्यांत पाणी आलं.

बाई जाग्या झाल्या. नवरा पायाशी, डोळे ओले. त्या धडपडून उठून बसल्या. "काय होतंय? छातीत दुखतंय का?"

"जोडवी टोचत होती त्या बुटात. बोलली का नाहीस?"

सरोजिनीबाईंनी पाय पदराखाली ओढून घेतले. "तुम्ही एवढ्या हौसेनं आणले होते," त्या म्हणाल्या. "आणि बोलले असते तर तुम्ही काय म्हणाला असता? जोडवी काढून ठेव म्हणाला असता."

तेही खरंच होतं. व्यंकटराव अगदी तेच म्हणाले असते.

"उन्हाळ्यात पाय सुजतो, तेव्हा रुततात. थंडीत चांदी अशी गार पडते की बोट ठणकतं. पण ते सगळं कॅनव्हासच्या बुटात निभत होतं. हे नवे आले आणि पावसात मोजा ओला झाला, मग सोसवेना." बाई खिडकीकडे बघत म्हणाल्या, "म्हणून त्या दिवशी काढली. लग्नानंतर पहिल्यांदा. रुमालात बांधून देवापाशी ठेवली आणि गेले."

"मग?"

"मग काय? सबंध वाट माझं लक्षच नव्हतं. पाय मोकळे मोकळे लागत होते. म्हैसमाळच्या अलीकडं वाटलं, फोन करावा, आहात ना विचारावं. चालत्या सायकलवर खिशात हात घातला आणि चिखलात गेले. आणि मग दोन दिवसांनी तुम्हाला..."

व्यंकटरावांना आत्ता कळलं. खिट्टी नाही, काळी माती नाही, शनिवार नाही. बाई पडण्याला भ्यायल्या नव्हत्या. बुटात पाय घालायचा तर जोडवी काढावी लागतात, आणि जोडवी काढली तर नवरा जातो. एवढ्यासाठी त्यांनी डोंगर सोडून दिला होता.

"अगं, पित्त होतं ते!" त्यांच्या तोंडून निघून गेलं. "भज्यांचं पित्त!"

"मला माहितीय पित्त होतं," सरोजिनीबाई शांतपणे म्हणाल्या. "पण तुम्हाला स्ट्रेचरवर घालून आत नेत होते, तेव्हा मला माहीत नव्हतं."

व्यंकटरावांकडे अंधश्रद्धेवरचं एक भाषण होतं. गणपतीपासून शनीपर्यंत सगळ्या घरादाराने ते ऐकलेलं होतं. ते त्यांच्या ओठांवर आलं आणि तिथूनच परत गेलं. नवरा आत आणि दाराबाहेर मोडक्या हाताची बायको, पायाकडे बघत बसलेली. त्या बायकोपुढे कुठला तर्क मांडायचा?

ते पलंगावरून उतरून फरशीवर बसले. पेपर पसरला. "पाय ठेव."

"अहो, पाप लागेल मला."

"लागू दे. अर्धं अर्धं घेऊ वाटून. आणि लग्नात सहाणेवर पाय ठेवताना भटजींनी अंगठा धरायला लावला होताच की मला. तेव्हा नाही लागलं ते?"

बाईंना हसू आलं. "तेव्हा तुमचा हात थरथरत होता."

"आत्ताही थरथरतोय. लवकर ठेव."

सरोजिनीबाईंनी डोळे मिटले, मनातल्या मनात देवाची माफी मागितली आणि पाय पेपरावर ठेवला. व्यंकटरावांनी एका हाताने घोटा धरला आणि दुसऱ्या हाताने पेन्सिल फिरवली. दुसऱ्या बोटाशी आल्यावर पेन्सिल बाहेर वळवून त्यांनी जोडव्याचा फुगवटाही काढला, अगदी नीट, नकाशात तलाव काढावा तसा.

दुकानात जायचं ठरलं तेव्हा शनिवार होता. व्यंकटराव चपला घालून दारापर्यंत गेले, कॅलेंडरकडे बघितलं आणि परत येऊन बसले. "आज नको. उद्या जाऊ," म्हणाले. "रविवार बराय." सरोजिनीबाईंनी पोळी लाटता लाटता तोंड दुसरीकडे फिरवलं. हसू लपवायला असेल, नाहीतर आणखी कशाला. मनस्विनीला बाईंनीच फोन करून सांगितलं, या रविवारी नाही, पुढच्या.

सुदर्शनने चित्र बघितलं, मग काकूंचा पाय बघितला आणि सरळ म्हणाला, "काकू, जोडवी काढा, मंग लई बूट हायेत."

"जोडवी निघणार नाहीत," व्यंकटराव म्हणाले. सरोजिनीबाईंनी चमकून वर बघितलं. "जोडवी पायातच राहतील. त्यांच्यासकट बसेल असा बूट दाखव. बसून आहोत आम्ही."

सुदर्शनने डोकं खाजवलं. एकामागून एक खोके उघडले. शेवटी पुरुषांच्या मापातला, पुढून ऐसपैस असा एक जोड काढला. तळवा मऊ रबरी, खिट्टी नाही. खाली मोठाले दात, दोन दातांमध्ये एवढी जागा की काळी माती अडकायच्या आधीच गळून पडेल. बाजूला पाणी निघून जायला भोकं. "हा पावसाचा. पॅडल सपाट बसवून देतो. उन्हाळ्याला असाच जाळीचा मागवू. थंडीत ह्याच्याच आत पातळ लोकरीचा मोजा, आन्‌ चांदीवरून आधी सुती पट्टीचा एक वेढा."

सरोजिनीबाईंनी बूट घातले. दुकानात चार पावलं टाकली. मग टाचा उचलून बोटांवर उभ्या राहिल्या आणि तशाच राहिल्या. व्यंकटराव बायकोच्या चेहऱ्याकडे बघत होते, बुटाकडे नव्हे. त्यांना आता निकाल कुणाला विचारायची गरज नव्हती.

"पुरुषी दिसतात," बाई म्हणाल्या.

"दिसू देत. घाटात कोण बघायला येतंय?"

पुढच्या रविवारी उजाडताच मनस्विनी आणि बाकीच्या खाली येऊन उभ्या राहिल्या. व्यंकटरावांनी बाल्कनीतून बायकोला जाताना बघितलं, आणि वळणावर दिसेनाशी झाली तरी तिथेच उभे राहिले. मग फिरायला गेले नाहीत, पेपर उघडला नाही. फोन समोर ठेवून बसले. खुलताबादपर्यंतच जाणार, तिथून मागे फिरणार, असं बाई दहादा सांगून गेल्या होत्या.

फोन वाजला तेव्हा त्यांचा चहा केव्हाच गार झाला होता. पलीकडून वाऱ्याचा आवाज, बायकांचं हसणं, आणि धाप लागलेला, ओळखीचा आवाज.

"आहात ना?"

नेहमीचं खेकसणं व्यंकटरावांच्या जिभेवर आलंच नाही. इतकी वर्षं हा प्रश्न कुठून येत होता ते त्यांना ठाऊक झालं होतं.

"आहे," ते म्हणाले. "पाय कसा आहे?"

"छान आहे. टोचत नाही काही. सगळ्या पुढं म्हैसमाळला निघाल्यात. पाऊस आहे थोडा. त्याच वाटेनं. मी... जाऊ का?"

व्यंकटरावांनी एक हात छातीवर ठेवला. आत सगळं ठीक चाललं होतं.

"जा," ते म्हणाले. "मी आहे."

फोन ठेवून ते उठले, बाल्कनीतली जुनी चादर झटकली आणि धुवायला टाकली.